पोरगं पहिल्यांदा स्कूल बसने चाललंय? बेळगाव भागातल्या आईबापांसाठी

आपल्याकडे शाळा आणि पाऊस जवळजवळ एकदमच सुरू होतात. चंदगड-कोल्हापूरकडची भावंडं अजून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टीत असतात, आणि आपल्या पोरांना मात्र मे संपता संपता युनिफॉर्म, बूट, दप्तर घेऊन तयार व्हावं लागतंय. म्हणजे एलकेजी-युकेजी किंवा पहिलीचं पोरगं पहिल्यांदा एकटं बसमध्ये चढणार, ते पण रेनकोट घालून, चिखलात, आणि रस्त्यावर सगळ्यांना घाई असताना. म्हणून तयारी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नको, निदान पंधरा दिवस आधी सुरू करा.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बहुतेक आईबाप काळजी करतात ती बसमधल्या प्रवासाची, ड्रायव्हर कसा चालवतो, पोरगं पडेल का, रडेल का. ती काळजी बरोबरच आहे पण बसमध्ये सीटवर बसलेलं पोरगं त्यामानाने सुरक्षित असतंय. खरा धोका बसच्या बाहेर आहे, दारातून उतरल्यापासून तुमच्या हातात हात येईपर्यंतच्या त्या थोड्याशा पावलांत, आणि जगभर स्कूल बसच्या बाबतीत हेच सांगितलं जातं. त्यामुळे वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण खाली उतरण्याचा भाग आहे तो नीट वाचा आणि पोराकडून करून घ्या.

आधी गाडी बघा

फी भरायच्या आधी शाळेत जाऊन ज्या बसमधून पोरगं जाणार ती बस स्वतः आत चढून बघा. शाळेला विचारायला लाजू नका, कोणतीही बरी शाळा दाखवते. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या आदेशानंतर देशभर स्कूल बसला जे नियम लागू झाले त्यातलं बरंचसं नुसत्या डोळ्यांनी कळतं: पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलंय का (भाड्याची गाडी असेल तर 'शाळेच्या ड्युटीवर' असं), शाळेचं नाव आणि फोन नंबर बाहेर आहे का, खिडक्यांना आडवे गज आहेत का, दार नीट लॉक होतंय का, फर्स्ट एडची पेटी आणि आग विझवायचा सिलिंडर आहे का, आणि ड्रायव्हर सोडून मुलांकडे बघायला अजून एक माणूस आहे का. सिलिंडर आहे म्हणून समाधान मानू नका, त्यावरची तारीख वाचा. दार स्वतः उघडून लावून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत दार दोरीने बांधलेलं असतंय, तशी गाडी मी तरी चालवून घेणार नाही.

नंबर प्लेट बघा. मुलांना भाड्याने नेणारी गाडी पिवळ्या पाटीची हवी. पांढऱ्या पाटीची ओम्नी किंवा व्हॅन म्हणजे ती घरगुती वापराची गाडी, तिला पैसे घेऊन मुलं न्यायची परवानगीच नसते, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सचा मोठा घोळ होतो. गाडी केए-२२ असो की चिकोडी-निपाणीकडची केए-२३, एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की एफसी (गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट), इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, करा. व्हॅन गॅसवर चालणारी असेल तर मागचा भाग उघडून बघा, टाकीवर पाट टाकून त्यावर पोरं बसवलेली दिसली तर सरळ नको म्हणा, कितीही स्वस्त असू दे आणि शेजारच्यांची तीन पोरं त्यातूनच जात असू देत.

ड्रायव्हरचं आणि मावशीचं (म्हणजे बसमध्ये मुलांकडे बघणाऱ्या बाईचं) पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हे शाळेला विचारा. आणि जो रोजचा ड्रायव्हर आहे त्याला भेटा, नाव विचारा, तुमच्या पोराला त्याच्यासमोर उभं करा. ड्रायव्हरला पोराचा चेहरा माहीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे, तो आरशात तुमचं पोरगं शोधतो मग.

स्टॉप कुठला घ्यायचा

इथे बहुतेक लोक जवळचा स्टॉप घेतात. जवळचा नको, बरा घ्या. बरा म्हणजे काय ते सांगते.

आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते आणि बसचं दार डावीकडे असतं, म्हणजे पोरगं नेहमी रस्त्याच्या डाव्या कडेला उतरणार. तुमचं घर त्याच बाजूला असेल तर अर्धं काम झालं. घर समोरच्या बाजूला असेल तर रस्ता ओलांडावा लागणार, आणि काही देशांत थांबलेल्या स्कूल बसला ओव्हरटेक करायला कायद्याने बंदी असते तसं इथे कोण थांबत नाही, उलट बस थांबली की मागचे सगळे हॉर्न मारत बाजूने काढतात. म्हणून शाळेला विचारा की येताना किंवा जाताना बस तुमच्या बाजूने जाते का. पुष्कळदा रूट गोल असतो आणि पाच-दहा मिनिटं जास्त बसमध्ये बसलं तर घराच्याच बाजूला उतरता येतं. ती दहा मिनिटं खुशाल द्या.

काकती, हलगा, संकेश्वर, निपाणी असल्या हायवेला लागून असलेल्या गावांत तर हे फारच महत्त्वाचं. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून पोराला ओलांडायला लावायचंच नाही, हात धरून पण नाही. बस सर्व्हिस रोडला थांबेल किंवा अंडरपासमधून पलीकडे येईल असंच ठरवून घ्या. एकट्याने सांगितलं तर शाळा ऐकणार नाही कदाचित, त्या भागातले चार पालक मिळून गेले की ऐकतात.

शहरात शहापूर, वडगाव, खडेबाजार भागातल्या गल्ल्यांत बस आत येतच नाही, कोपऱ्यावर थांबते. कोपरा नेमका वाईट. बस डावीकडे वळताना तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मार्गाने जात नाही, ते आतल्या बाजूला, कोपऱ्याच्या जवळून येतं, आणि ड्रायव्हर बसलेला असतो उजवीकडे. म्हणजे ते चाक त्याला सगळ्यात कमी दिसणारं. त्यामुळे थांबायची जागा कोपऱ्यापासून निदान पाच-सहा दुकानं अलीकडे घ्या. तसंच ज्या गल्लीत बसला रिव्हर्स घ्यावा लागतो तो स्टॉप नको म्हणजे नको. दारात गाडी येते म्हणून लोकांना बरं वाटतं पण रिव्हर्स येणारी बस आणि मागून पळत येणारं दुसरं एखादं पोर, हे जोखमीचं काम आहे. आणि टिळकवाडीकडच्या लोकांनी रेल्वे गेटच्या जवळचा स्टॉप टाळा, गेट पडलं की तिथे दुचाकी, रिक्षा, बस सगळे एकमेकांत घुसलेले असतात आणि गेट उघडल्यावर तर कोण कुणाचं नसतं.

गटारावरची फरशी पण बघा हो. मे महिन्यात कोरड्या रस्त्यावर तुटकी फरशी दिसते, जुलैत त्यावर पाणी असतं आणि काहीच दिसत नाही.

स्टॉपपर्यंत कसं जाणार

स्कूटरवरून सोडणार असाल तर पोराला पुढे उभं करू नका, हे मी कितीदा बघते रोज सकाळी. ब्रेक लागला तर पोरगं हँडलवर आपटतं आणि तुमचं वजन त्याच्यावर येतं. चार वर्षांच्या वरच्या मुलाला मागे बसवलं तरी हेल्मेट कायद्याने लागतंय. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरासाठी केंद्राचा २०२२ चा नियम आहे, अंगाला बांधायचा हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि गाडी ४० च्या वर नाही. मोठ्यांचं हेल्मेट पोराच्या डोक्यावर ठेवून उपयोग नाही, ते मानेवर ओझं होतं आणि पडलं की आधी हेल्मेट उडतं.

चालत जाणार असाल तर पोरगं नेहमी रस्त्याच्या आतल्या बाजूला, तुम्ही गाड्यांच्या बाजूला. आणि हात धरायचा तो मनगटाला, बोटाला नाही. बोट सोडवून पोरगं कधी पळतं कळत पण नाही.

बसच्या वेळेच्या पाच मिनिटं आधी तिथे उभं राहायचं, यात तडजोड नाही. बहुतेक गडबड उशिरामुळे होते. बस सुटताना दिसली, आई मागे पळते, पोर पुढे पळतं, ड्रायव्हरला कोणच दिसत नाही. बस चुकली तर चुकली. पोराला पण आधीच सांगून ठेवा की बस गेली तर आपण पळायचं नाही, पप्पा गाडीने सोडतील, नाहीतर आज घरी.

चढताना

बस येताना दिसली की रस्त्याच्या कडेपासून मोठी चार पावलं मागे. पूर्ण थांबली, दार उघडलं, मावशी खाली उतरली, मग पुढे. चढताना पोराचं दप्तर पाठीवर नको, तुम्ही हातात द्या नाहीतर मावशीच्या हातात द्या, कारण बसची पहिली पायरी लहान पोराच्या गुडघ्याच्या वर येते आणि पाठीवर वजन असलं की ते मागे झुकतं. दप्तर जड असेल तर शाळेशी बोला, कर्नाटक सरकारच्या २०१९ च्या आदेशात पहिली-दुसरीसाठी दप्तर दीड ते दोन किलोच्या वर नको असं आहे. एका हाताने दांडी धरायची, दुसरा हात मोकळा. वॉटर बॅग गळ्यात अडकवलेली नको. आयडी कार्डाची दोरी, रेनकोटची नाडी, टोपीचा गोंडा, दप्तराचे लोंबणारे पट्टे हे सगळं दारात अडकतं, दार बंद होतं आणि गाडी सुटते. घरी बसून एकदा पोराच्या अंगावर काय काय लोंबतंय ते बघा आणि कापा, बांधा, पिन लावा. आयडी कार्डाची दोरी ओढली की आपोआप सुटणारी मिळते ती घ्या.

बसमध्ये

याबद्दल फार नाही. बसून राहायचं, बस थांबेपर्यंत उठायचं नाही, हात-डोकं बाहेर नाही. पट्टा असेल तर लावायचा. लहान पोरांना मधल्या सीटवर बसवायला सांगा, शेवटच्या सीटवर खड्ड्यात सगळ्यात जास्त उडायला होतं आणि आपल्या रस्त्यांना खड्ड्यांची कमी नाही. पेन्सिल, चमचा, काडीचं चॉकलेट तोंडात नाही.

झोप मात्र महत्त्वाची. दुपारी येताना लहान पोरं झोपतात, सीटच्या खाली घसरतात, आणि वरून बघणाऱ्याला बस रिकामी दिसते. बंद गाडीत पोरगं राहून जाणं हे जगात खूप ठिकाणी झालंय आणि उन्हाळ्यात ते जिवावर येतं. म्हणून शाळेकडून दोन गोष्टी मागून घ्या. चढताना आणि उतरताना नावं टिक करायची, आणि शेवटचं पोर उतरलं की मावशीने मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन वाकून बघायचं. आणि पोराला शिकवा की उठल्यावर कोणच दिसलं नाही तर रडत बसायचं नाही, पुढे ड्रायव्हरच्या जागेवर जायचं आणि हॉर्न दाबून धरायचा, कोण येईपर्यंत सोडायचा नाही. हे खरोखर घरच्या गाडीवर करून घ्या. पोरांच्या हाताला जोर कमी असतो, काहींना दोन्ही हात लावून अंगाचं वजन द्यावं लागतंय. नुसतं सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही, केलेलं राहतं.

उतरताना

आता मुख्य भाग.

ड्रायव्हर उंचावर बसतो. समोरच्या काचेतून त्याला लांबचा रस्ता छान दिसतो पण बंपरच्या अगदी पुढे उभं असलेलं साडेतीन फुटी पोर अजिबात दिसत नाही. तसंच मागे, आणि तसंच डाव्या बाजूला दारापासून मागच्या चाकापर्यंत. बसच्या सगळ्या बाजूंनी दहा फूट, एवढी जागा पोरासाठी धोक्याची समजा. ही जागा पोराला शब्दांनी कळणार नाही. अंगणात किंवा गच्चीवर खडूने बसचा चौकोन काढा, दार काढा, चाकं काढा, आणि भोवती दहा फुटाची रेघ मारा, मग एकदा तुम्ही ड्रायव्हर व्हा, एकदा पोराला होऊ दे. त्यानंतर शाळेच्या आवारात थांबलेल्या बसमध्ये पोराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि तुम्ही बंपरच्या पुढे खाली बसा. तुम्ही दिसेनासे झाला की पोराला एका क्षणात कळतं, अर्धा तास समजावून कळणार नाही ते.

आता उतरण्याची पद्धत. बस पूर्ण थांबेपर्यंत सीटवर. मावशी आधी खाली उतरणार. पोर शेवटच्या पायरीवर थांबणार आणि आधी डावीकडे मागे बघणार, कारण बस आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून आपले दुचाकीवाले डाव्या बाजूने घुसतात. हे बाहेरच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं पण बेळगावात रोज होतं, गोवावेस, आरपीडी क्रॉस, अनगोळ, कुठेही उभं राहून बघा. म्हणून पायरीवर थांबायचं, दुचाकी नाही बघायचं, मग दोन्ही पाय खाली, उडी नाही. उतरलं की सरळ पुढे, बसपासून लांब, पाच मोठी पावलं, मोठ्याने मोजत. मोजायला लावा, पोरांना आवडतं आणि त्या नादात ती मध्येच थांबत नाहीत. पाच झाली की तिथे तुम्ही.

तुम्ही म्हणजे दाराच्या बाजूला. हे फार फार महत्त्वाचं आहे. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पोराला हात कधीच करायचा नाही. लहान पोराला आई दिसली की त्याला मधला रस्ता दिसत नाही, ते थेट पळत सुटतं, बसच्या पुढून किंवा मागून. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणारी गाडी किती लांब आहे, किती वेगात आहे याचा अंदाज येत नाही, ते हुशार असोत की आज्ञाधारक असोत, तो भाग अजून तयार व्हायचा असतो. म्हणून बस यायच्या आधीच तुम्ही रस्ता ओलांडून दाराच्या बाजूला येऊन थांबा. आजी-आजोबा घ्यायला येत असतील तर त्यांना पण हे समजावून सांगा, आणि त्यांना रस्ता ओलांडायला जड जात असेल तर तुमच्या बाजूचा स्टॉप मिळवा नाहीतर दुसरं कोणीतरी जाऊ दे. आजोबांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, गुडघ्याचा प्रश्न आहे.

पोराला घेऊन ओलांडायचं असेल तर घाई न करता बसला आधी जाऊ द्या. बस गेली की दोन्हीकडचा रस्ता दिसतो. थांबलेल्या बसच्या आडून ओलांडणं सगळ्यात वाईट. बस हलत नाही आणि ओलांडावंच लागतंय अशी वेळ आलीच तर पुढून, बंपरपासून पाच मोठी पावलं लांबून, ड्रायव्हरने हाताने खूण केल्यावरच, आणि बसची कड संपते तिथे परत थांबून उजवीकडे बघून. बसच्या मागून कधीही नाही.

आणि काहीतरी पडलं तर? बाटली, खोडरबर, चित्र, टोपी. पोरं वाकतात, बसच्या खाली हात घालतात, आणि नेमकं तेव्हा ती कोणाला दिसत नाहीत. नियम एकच: पडलं तर पडू दे. आईला सांगायचं, आई ड्रायव्हर मामाला सांगेल. त्यासाठी घरी एक काम करा, वस्तू हरवल्यावर रागावू नका. बाटली हरवली म्हणून मार बसणार असेल तर पोर ती घ्यायला चाकाखाली जाणारच. खेळता खेळता मुद्दाम रबर टाका आणि पोर न वाकता पुढे चालत गेलं की शाबासकी द्या. हे इतक्यांदा करा की पोराला सवय लागू दे.

कुणाच्या हातात द्यायचं

शाळेला लिहून द्या, तोंडी नाही, की पोर फक्त या या लोकांच्या हातात द्यायचं, फोटोसकट. मावशीकडे एक कॉपी, ड्रायव्हरकडे एक, शाळेत एक. स्टॉपवर यातलं कोणच नसेल तर पोराला उतरवायचं नाही, बसमध्येच ठेवून तुम्हाला फोन करायचा आणि शेवटी परत शाळेत न्यायचं, हे पण त्याच कागदावर लिहा. शेजारची काकू रोजची ओळखीची आहे म्हणून दिलं असं नको. ऐनवेळी दुसऱ्याला पाठवायचं असेल तर घरातला एक शब्द ठरवा, जो येईल त्याने तो सांगायचा, पोराने तो ऐकल्याशिवाय जायचं नाही.

पोराचं नाव दप्तराच्या बाहेर मोठ्या अक्षरात लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की पोराला तो ओळखीचा वाटतो. आतल्या कप्प्यात चिठ्ठी ठेवा, नाव, दोन फोन नंबर, रक्तगट, कसली ॲलर्जी असेल तर ती. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्हीत लिहा, कारण वाचणारा कोण असेल सांगता येत नाही.

आणि भाषेचं आलंच आहे तर. आपल्याकडे बऱ्याच घरांत पोरं शाळेत जाईपर्यंत नुसती मराठी बोलतात, आणि बसचा ड्रायव्हर किंवा मावशी बैलहोंगल-सौंदत्तीकडचे असले तर त्यांना मराठी कळतंच असं नाही. अडचणीच्या वेळी पोरगं गप्प बसून राहतं. दोन-तीन वाक्यं पाठ करून घ्या: 'अण्णा, निल्लिसी' म्हणजे थांबवा, 'इल्लि इळीबेकु' म्हणजे इथे उतरायचंय, 'नम्म अम्मा बंदिल्ल' म्हणजे माझी आई आली नाही. आठ दिवसांत येतात. आणि मावशीला पण पोराची शूची खूण, पाण्याचा शब्द तुम्ही सांगून ठेवा.

बसमधल्या मोठ्या मुलांचा त्रास, ड्रायव्हर-क्लीनरचं जवळ ओढणं, मांडीवर बसवणं, मोबाईलवर काही दाखवणं, याबद्दल पोराशी साध्या शब्दांत बोला. चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, आणि 'घरात सांगू नको' असं कोणी म्हटलं तर ते आधी घरात सांगायचं. काही कळलं तर पोराला दहादा उलटसुलट विचारत बसू नका, शाळेने मिटवून टाकू म्हटलं तरी ऐकू नका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली असली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ चाइल्ड हेल्पलाइन, ११२ पोलीस.

पाऊस, ऊस आणि अधिवेशन

पावसाळ्यात छत्री नको, रेनकोट. छत्री बसच्या दारात उघडता-मिटता पोरं अडकतात आणि पुढचं काही दिसत नाही. रेनकोट पिवळा, केशरी असा लांबून दिसणारा घ्या, काळा-निळा नको. टोपीमुळे बाजूचं दिसत नाही म्हणून शिकवा की बघताना नुसते डोळे नाही, अख्खं डोकं वळवायचं. बूट-चपलेचे तळवे झिजलेले नकोत, बसची पायरी पत्र्याची असते.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसात धुकं पण असतं, आणि निपाणी-चिकोडीकडे दूधगंगा-वेदगंगेचे खालचे पूल पाण्याखाली जातात, ऑगस्ट २०१९ चा महापूर सगळ्यांना आठवतच असेल. पुलावरून पाणी वाहत असेल तर बस घालायची नाही हे शाळेच्या आणि पालकांच्या मीटिंगमध्ये आधीच ठरवा, त्या दिवशी ड्रायव्हरवर सोडू नका. मुसळधार पावसात डीसी (जिल्हाधिकारी) सुट्टी जाहीर करतात ती कधी रात्री उशिरा, कधी सकाळी कळते, त्यामुळे सकाळी उठल्यावर आधी ग्रुप बघा. शाळा अर्ध्यातून सुटली तर पोर कुठे जाणार, कोण घरी असणार, हे पण आधी ठरवून ठेवा.

ऊस तोडणी सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळी रस्त्यावर असतात, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. चिकोडी, अथणी, संकेश्वर, निपाणीकडच्या पोरांच्या दप्तराला चमकणारी पट्टी चिकटवा, शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळते. आणि ट्रॉलीतून ऊस ओढायला पोरं पळतात, त्याला सक्त मनाई.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलगा-बस्तवाडच्या बाजूला मोर्चे, बंदोबस्त, रस्ते वळवलेले असतात आणि बस तास-तास अडकते. सीमाभागात अधूनमधून बंद पण होतो. असल्या दिवसांत पोराच्या डब्यात जास्तीचं खायला, पाणी, आणि शाळेतून निघायच्या आधी शू करून येणे. गोंधळाची शक्यता दिसली तर सरळ घरी ठेवा, एका दिवसाचा अभ्यास भरून निघतो.

पहिला आठवडा

शक्य असेल तर पहिले दोन दिवस स्कूटरने बसच्या मागून जा, पोराला न दिसता. ड्रायव्हर कसा चालवतो, मावशी कुठे उतरते, दार उघडं ठेवून गाडी सुटते का, मोबाईल कानाला असतो का, सगळं कळतं. वेगाचं पण कळतं, स्कूल बसला ४० च्या आसपासच चालायला हवं म्हणून स्पीड गव्हर्नर असतो. काही दिसलं तर ड्रायव्हरशी रस्त्यात भांडू नका, त्या वेळी गाडीत पोरं असतात आणि तो रागाने गाडी चालवेल. तारीख, वेळ, जागा लिहून शाळेच्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या, दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या, आणि आठ दिवसांत फरक पडला नाही तर आरटीओला अर्ज द्या.

रोज संध्याकाळी पोराला 'आज शाळेत काय शिकवलं' याच्या आधी 'आज बसमध्ये कुठे बसलास, शेजारी कोण होतं, उतरताना मावशी होती का' एवढं विचारा, गप्पा मारल्यासारखं. पोट दुखतं म्हणून रोज बसच्याच वेळेला रडत असेल तर नाटक म्हणून सोडू नका, काहीतरी आहे ते शोधा.

आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा परत सुरू झाली की सगळं एकदा परत तपासा. बऱ्याचदा तोपर्यंत ड्रायव्हर बदललेला असतो, मावशी सोडून गेलेली असते, रूट बदलतो, आणि पोर पण पायरीवर थांबायचं विसरलेलं असतं. नव्या ड्रायव्हरला परत भेटा, पोराला परत त्याच्यासमोर उभं करा, खडूचा चौकोन परत काढा.